टूरिडची खुर्ची

प्रिय दादा,

हे पत्र इथे कुठून उगवलं याचा राग नंतर कर. आधी शेवटपर्यंत वाच, आणि मधेच फोन लावू नकोस, मी उचलणार नाही. आपल्या घरात पत्र लिहायची पद्धत कधीच नव्हती हे मला माहीत आहे. पण फोनवर तू दोन मिनिटांत "बाकी काय" म्हणतोस, मी "काही नाही, तुझं काय" म्हणते, आणि झालं आपलं बोलणं. म्हणून आज सकाळी ड्रेस्डेनहून गाडी सुटल्यापासून लिहायला बसले. अक्षर माझं मुळातच दिव्य, त्यात गाडी हलतेय, तेव्हा सांभाळून घे.

मुद्द्याचं पहिल्यांदा सांगते. टूरिडच्या नव्या फिल्ममध्ये आपली आई आहे. दोन मिनिटं चाळीस सेकंद. सोमवारी सकाळी दहा वाजता फिल्म कायमची बंद होते, त्यानंतर तिच्यातली एक फ्रेमही हलवता येत नाही. मार्चमध्ये तुमच्या बॉनला पहिला खेळ आहे. आईचा तो तुकडा ठेवायचा की काढून टाकायचा, हे त्याआधी तू सांगायचं आहेस. मी नाही, टूरिडही नाही, तूच. असं का, ते सरळ लिहायला मला धीर होत नाहीये, म्हणून जरा लांबून येते. चिडू नकोस. लहानपणी अंगणातला दिवा फोडला तेव्हासुद्धा मी आधी शेजारच्या मांजरापासून सुरुवात केली होती.

तू टूरिडला "तुझी नॉर्वेची म्हातारी" म्हणतोस. नऊ वर्षं कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात पांढरा डगला घालून काढल्यावर मी ती नोकरी सोडून हिच्या मागे कॅमेऱ्याची पिशवी उचलत फिरायला लागले, तेव्हा सगळ्या घरादाराने कपाळावर हात मारला. आई महिनाभर बोलली नाही. एकटा तू म्हणालास, "कर. पडलीस तर मी आहे." ते मी विसरलेली नाही. पण तू ह्या म्हातारीबद्दल कधी नीट विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही. आता सांगावंच लागेल.

टूरिड नॉर्वेच्या पार उत्तरेकडची, एका बेटावरची. वडील कोळी. थंडीत कॉड मासळी पकडायची आणि लाकडी मांडवांवर उन्हावाऱ्यात वाळत टाकायची, हा तिथला धंदा. आपल्याकडे बोंबील वाळत घालतात ना, अगदी तसंच. बाप कमालीचा अबोल. त्याचा धाकटा भाऊ त्याच्याच बोटीवरून समुद्रात पडून गेला होता, आणि त्या दिवसाबद्दल त्याने घरात अवाक्षर काढलं नव्हतं. टूरिड सव्वीस वर्षांची असताना तिने पहिली फिल्म केली ती ह्या बापावर. एका दुपारी त्याला प्रश्न विचारून झाले, तिने "ताक्क" म्हटलं, म्हणजे त्यांच्या भाषेत आभार, आणि कॅमेरा मात्र बंद केला नाही. झालं एकदाचं, असं वाटून बाप मोकळा झाला आणि हातातलं जाळं सावरता सावरता बोलून गेला. दोर त्याच्या हातात होता. हात गोठले होते. त्याने दोर सोडला. एवढंच.

टूरिडने ते फिल्ममध्ये घेतलं. बापाला न विचारता. फिल्म गाजली, बक्षिसं मिळाली, पेपरात फोटो आले. मग ती गावाच्या सभागृहात दाखवली. बाप पहिल्या रांगेत कोट घालून बसला होता. तो प्रसंग आला तेव्हा तो उठला आणि सगळ्या गावाच्या देखत बाहेर गेला. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला आणि मुलीशी एक शब्द बोलला नाही. जेवायला बसल्यावर बायकोला म्हणायचा, तिला सांग मीठ इकडे कर. मुलगी हातभर अंतरावर बसलेली! टूरिड हे सांगताना हसते, पण मी हे चारदा ऐकलंय आणि चारही वेळा तिने नंतर उठून खिडकी उघडली आहे.

बाप गेल्यावर तिने देश सोडला. पूर्व जर्मनीतले बंद पडणारे कारखाने चित्रित करायला म्हणून ड्रेस्डेनला आली ती तिथलीच झाली. येताना बापाच्या स्वयंपाकघरातली एक लाकडी खुर्ची तेवढी घेऊन आली. ती खुर्ची आमच्या एडिटिंगच्या खोलीत असते, आणि टूरिडचा नियम असा, की फिल्म बंद होण्याआधी तिच्यातल्या प्रत्येक माणसाने एकट्याने येऊन त्या खुर्चीवर बसायचं, स्वतःचा भाग बघायचा, आणि जे नको असेल ते काढा म्हणायचं. कारण विचारायचं नाही, मनधरणी करायची नाही. तिने आयुष्यात चौदा फिल्म केल्या, दोन तशाच डब्यात पडून आहेत. एका बेकरीवाल्या जोडप्यावर तीन वर्षं काम केलं होतं. शेवटी ती बाई खुर्चीवर बसली, सगळं बघितलं, आणि नको म्हणाली. टूरिडने तिला कॉफी विचारली, दारापर्यंत पोचवलं, आणि रिळं खोक्यात भरून खोक्यावर चिकटपट्टी लावली. पैसे लावणाऱ्यांनी तिला वेड्यात काढलं. नॉर्वेच्या पेपरांत आलं की बाई संपली. हिने पुढची फिल्म सुरू केली. आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, डोळ्यांच्या मधोमध काळा डाग पडलाय, समोरच्याचा चेहरा कडेकडेने दिसतो. ही तिची शेवटची फिल्म.

फिल्म आहे दिवसा घरी असणाऱ्या माणसांवर. सगळे कामाला, शाळेला गेले की परक्या देशातल्या त्या घरात जी म्हातारी माणसं उरतात, त्यांच्यावर. मागच्या मे महिन्यात आई तुमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती, तेव्हा मी टूरिडला घेऊन आले ते ह्यासाठीच. तुला आठवत असेल, दोघी पहिल्याच दिवशी कशा जमल्या ते. टूरिडने पर्समधून वाळवलेल्या कॉडचा तुकडा काढला आणि आई वास घेऊन म्हणाली, "अगं बाई, ही तर आपल्या सोड्यांची मावशी!" एकीला मराठीशिवाय काही येत नाही, दुसरीला मराठीचा गंध नाही, आणि दोघी तासन् तास गप्पा मारताहेत. तू मात्र पाच दिवसांत एकदाही कॅमेऱ्यासमोर आला नाहीस. कामाचा डोंगर आहे म्हणालास. सकाळी साडेसातला डबा घेऊन बाहेर, संध्याकाळी सहाला घरी. मी क्षितिजा वहिनीला म्हटलंसुद्धा, हा माणूस कंपनीला जावई म्हणून दिलाय की काय.

शेवटच्या दुपारी आई ओट्याशी बसून बिरड्यासाठी वाल सोलत होती. ठाण्याहून आणलेले, स्वतः मोड काढलेले. मी तुझ्या ओवीला शाळेतून आणायला गेले होते. टूरिडने वीसेक मिनिटं आईचे हात चित्रित केले, "ताक्क" म्हणाली, आणि कॅमेरा मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवला. बंद केला नाही. दादा, त्या पहिल्या फिल्मनंतर "ताक्क" म्हटलं की कॅमेरा बंद, हा नियम तिने जवळजवळ पन्नास वर्षं पाळला, आणि आपल्या आईच्या बाबतीत मोडला. मी नंतर तिच्यावर ओरडले तेव्हा ती म्हणाली, तुझी आई काहीतरी बोलणार हे मला दिसलं आणि माझा हात बटणाकडे गेला नाही. एवढंच म्हणाली. सबब सांगितली नाही.

आई ऑक्टोबरमध्ये गेली. मला तो तुकडा सापडला नोव्हेंबरात, बाराव्या-तेराव्याहून परत येऊन कामावर बसल्यावर. कानाला हेडफोन लावले आणि आईचा आवाज आला. मराठीचं जर्मन मी करायचं, सबटायटल मी लिहायचे, असं आमचं ठरलेलं. मी तिथे लिहिलं: वाल कसे भिजवायचे, मोड कसे काढायचे, साल कशी काढायची. दोन मिनिटं चाळीस सेकंद धादांत खोटं लिहिलं. आई वालाबद्दल एक अक्षर बोलत नव्हती. ती तुझ्याबद्दल बोलत होती.

टूरिडला मराठी येत नाही, डोळेही गेलेत, पण तिने पडद्याला नाक लावून तो तुकडा तीनदा बघितला आणि विचारलं, ही बाई इथे सोलायची थांबते, वाल तसाच हातात धरून बसते. वालाबद्दल बोलताना माणूस असं थांबतं का? मी म्हटलं, आमच्याकडे थांबतं. तीन आठवडे मी हेका सोडला नाही. आणि मी किती गाढव बघ, मला वाटत होतं सबटायटल बदलले की काम झालं! अरे, सबटायटल जर्मनांसाठी. बॉनला अर्धं सभागृह आपल्याच लोकांचं असणार, मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर फिरतंय, आणि पहिल्या रांगेत सासूबाईंना बघायला कोण बसणार? वहिनी. तिला आईचं मराठी कळायला माझे सबटायटल कशाला लागताहेत! हे माझ्या डोक्यात शिरायलाच तीन आठवडे लागले.

मग मी तुझ्या ऑफिसच्या नंबरवर फोन केला. जिच्याशी बोलले ती बाई गोड होती. म्हणाली, हेर टिपणीस आता इथे नाहीत, ती सगळी आबटायलुंग, म्हणजे अख्खं डिपार्टमेंटच, गेल्या फेब्रुवारीत बंद झाली. मी "या, या, गेनाऊ", म्हणजे हो हो, बरोबर, करत फोन ठेवला. एक वर्ष, दादा. वर्षभर तू रोज सकाळी साडेसातला टाय लावून बाहेर पडतोयस. ओवीला विचारलं पापा कुठे, तर ती जर्मनमध्ये सांगते, कामावर, आणि सारखे दमलेले असतात.

आता आई काय बोलली ते लिहिते. मी ते इतक्यांदा ऐकलंय की श्वाससुद्धा पाठ झालेत. ती म्हणते: "तुला काय कळतंय म्हणा बाई, म्हणूनच बोलते. आमच्या सुमितची नोकरी गेलीय. कुणी सांगितलं नाही मला. डब्याने सांगितलं. जन्मात ज्याने डब्याला पाण्याचा थेंब लावला नाही तो आता डबा घासून आणतो. लख्ख. कामावरच्या माणसाला एवढी सवड असते होय? परवा ओवीने सांगितलं तळ्यावर बदकं आहेत, म्हणून दोन बस बदलून गेले. तिथे त्याची गाडी. मीच दिलेला गणपती पुढे चिकटवलेला, म्हणून ओळखली. आत बसून जेवत होता. एकटा, मान खाली घालून. मी झाडामागे उभी राहिले. बिरडं संपवलंन, तेवढं बघितलं आणि परत आले." इथे तिचा हात थांबतो. मग म्हणते, "विचारू कसं? विचारलं तर उद्यापासून तो जेवायला कुठे जाईल?"

त्या दिवसापासून तिने काय केलं ते तुला माहीत आहे, फक्त कळलं नव्हतं. तुझ्या डब्यात रोज काहीतरी जास्तीचं यायला लागलं. कोथिंबीर वड्या, नारळाची वडी, एकदा बेसनाचा गोड निनाव, अख्खाच्या अख्खा. तू वैतागून मला फोन केला होतास, आई मला फुगवून परत पाठवणार आहे म्हणून. आठवतंय?

मी आणि टूरिड जानेवारीत कडकडून भांडलो. मी शेवटी खरं भाषांतर तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, हे काढ. ती म्हणाली, काढायचं का ते तू ठरवायचं नाही. ज्याच्याबद्दल आहे तो खुर्चीवर बसेल. मी म्हटलं, त्याला खुर्चीवर बसवून मेलेल्या आईकडून ऐकवायचं? तेव्हा तिने मला ते सांगितलं जे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. बापाने दोर सोडला हे तिला ती फिल्म करायच्या दोन वर्षं आधीपासून माहीत होतं. आत्याने सांगितलं होतं. दोन वर्षं ती बापासमोर बसून जेवत होती, आणि एकदाही म्हणाली नाही की बाबा, मला ठाऊक आहे आणि मी इथेच आहे. तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं, कॅमेऱ्यात. म्हणाली, लोक समजतात माझा गुन्हा म्हणजे मी ते दाखवलं. तो नाही. माझा गुन्हा म्हणजे मी त्याला दोन वर्षं एकटं जेवू दिलं. म्हणून आधी भावाकडे जा, खुर्ची कुठे पळून जात नाही.

तरी मी गेले नाही. फोन करत राहिले, बाकी काय, तुझं काय. मग परवा वहिनीशी बोलताना ती हसत हसत म्हणाली, अगं, हे अगदी जर्मन झालेत, रविवारी बसून मला सगळ्या फायली दाखवल्या. विमा कुठला, कागद कुठे, कुणाला फोन करायचा. तिला त्यात कौतुक वाटलं. मी त्याच रात्री गाडीचं तिकीट काढलं, दादा. उगाच आडवळणाने लिहीत नाही. मला तुझ्यासाठी भीती वाटली. तू त्या तळ्याकाठी रोज एकटा बसतोस आणि रविवारी बायकोला विम्याचे कागद समजावतोस, ह्याचा अर्थ मला लावायचा नाहीये. माझा अर्थ चुकीचा असेल तर मला शिव्या घाल, मी आनंदाने खाईन. बरोबर असेल तर मला आज सांग, आजच. नोकरी गेली म्हणून तू कुठेही कमी झालेला नाहीस. तुझ्याशिवाय आम्ही मात्र कुठे जाऊ?

हे इथपर्यंतचं गाडीत लिहिलं. पुढचं आज सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात लिहितेय, तू दाढी करतोयस तेवढ्यात. काल मी वहिनीला सांगितलं होतं की गाडी पाचला येते. खोटं. ती बाराला आली. स्टेशनवरून मी दोन बस बदलून थेट तळ्यावर गेले. तुझी गाडी होती. काचांवर वाफ धरलेली, आत तू, मांडीवर डबा. दहा पावलं. चालून येऊन काचेवर टकटक करायची, एवढंच काम होतं. मला जमलं नाही. मीही झाडामागे उभी राहिले. कदाचित आईच्याच झाडामागे. तू जेवलास, डबा घेऊन सार्वजनिक नळाकडे गेलास, थंडीत बोटं फुंकत घासलास, आणि मी तोंडाला मफलर लावून रडत होते. संध्याकाळी तू दारात मला म्हणालास, आज मीटिंगमध्ये फार वेळ गेला, आणि मी म्हटलं, बिच्चारा.

आईच्या त्या तुकड्यात शेवटचे वीस सेकंद आहेत, ते मी अजून लिहिले नाहीत. टूरिडलाही सगळ्यात शेवटी दिले, कारण ते तुझ्याबद्दल नाहीत, माझ्याबद्दल आहेत. मी मनाशी म्हणत होते की खोटं भाषांतर मी तुला वाचवायला केलं. खोटं आहे ते. मला ते वीस सेकंद लपवायचे होते. आई म्हणते, "निशीला सांगायला हवं. आई समोर आली की मुलगा खोटं बोलतो, त्याला बोलावंच लागतं. बहिणीसमोर नाही बोलणार. ती जाऊन बसेल त्याच्याजवळ. पण ती तिच्या कामात. सांगेन कधीतरी." तिने सांगितलं नाही, आणि मला कळल्यावर मी तीन महिने घालवले. म्हणून आज वहिनीला म्हटलं, दादाचा डबा मी भरते. वालाचं बिरडं आहे, मी सोललंय, अर्ध्याअधिक साली तशाच राहिल्यात, नावं ठेवू नकोस. पत्र वरच्या कप्प्यात पिशवीत घातलंय म्हणजे तेल लागणार नाही. वहिनीला मी काही बोललेले नाही, ते तुझं तू सांगायचं, हवं तर मी शेजारी बसेन. फिल्मचं सोमवारपर्यंत ठरव. तू खुर्चीवर बसून नको म्हटलंस तर टूरिड कॉफी विचारेल आणि आईचा तुकडा काढेल, का म्हणून विचारणार नाही. पण ते सगळं नंतर. आत्ता काचेवरची वाफ पूस आणि डावीकडे बघ. पाण्याजवळच्या बाकावर लाल मफलरवाली बसलीय ती मी. दुसरा चमचा मी घेऊन आलेय. पडलास तर मी आहे. आता गाडीचं दार उघड, बाहेर फार थंडी आहे.

तुझीच, आणि आज जेवल्याशिवाय न हलणारी,
निशी